‘मी इथे चुकून आले’ हे मोजताना : माझा अनुभव

वार्षिक परीक्षेत पहिली येणारी मुलगी वॉर्डमध्ये सलाइन लावायची वेळ आली की मागे सरते आणि जेमतेम पास होणारी पुढे होते. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून हे मी इतक्यांदा पाहिलं की मानसिक आरोग्य नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करताना प्रबंधाला हाच विषय घेतला. आपण लायकीने नाही, चुकून इथवर आलोय आणि एक दिवस ते उघडं पडणार, असं वाटत राहणं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी आणि बरीच वर्षं नोकरी झालेल्या स्टाफ नर्स, दोघींत हे किती आहे ते पाहायचं होतं.

गाईड मॅडमचा पहिला प्रश्न होता, “मोजणार कशाने?”

या भावनेला ‘इम्पोस्टर फेनॉमेनन’ हे नाव दिलं अमेरिकेतल्या पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी, १९७८ साली. दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांबरोबर काम करताना त्यांना ती दिसली होती. पुढे क्लान्स यांनी २० विधानांची मोजपट्टी केली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, बेरीज २० ते १००. चाळीसपर्यंत भावना कमी, साठपर्यंत मध्यम, ऐंशीपर्यंत वारंवार आणि त्यावर तीव्र. हार्वे यांची १४ विधानांची पट्टी त्याआधीची आहे, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी हो-नाहीचे ८ प्रश्न असलेली यंग यांचीही वापरतात. मी क्लान्स यांची निवडली, कारण तुलनेसाठी तिच्यावरचं काम सर्वांत जास्त आहे.

वाचताना २०२० सालचा एक आढावा हाती लागला. ६२ अभ्यास, १४ हजारांवर माणसं, आणि प्रमाण? ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत. कुठली पट्टी घेतली आणि किती गुणांवर ‘ही भावना आहे’ म्हणायचं याची रेघ कुठे ओढली, यावर आकडा इतका हलतो. त्याच दिवशी ठरवलं की ‘इतके टक्के नर्सेस ग्रस्त’ असं वाक्य माझ्या प्रबंधात येणार नाही. मनोविकारांच्या डीएसएम यादीत ही अवस्था नाहीच, मग ग्रस्त कशाला म्हणायचं? सरासरी द्यायची, गुण कसे पसरलेत ते दाखवायचं आणि थांबायचं.

ही पट्टी वापरायला लेखी परवानगी लागते, हे करू पाहणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. परवानगी हातात आल्यावरच मी सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे दिला. मराठी रूप दोघींनी वेगवेगळं केलं, तिसरीने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत नेलं, मग सगळं शेजारी ठेवून पाहिलं. हे काम वेळखाऊ असलं तरी सरळ आहे.

खरं काम त्यानंतर होतं. छापायच्या आधी काही जणींसमोर कागद ठेवला आणि सांगितलं, खूण करताना मनात काय येतं ते बोलत राहा. आयसीयूतल्या एक सिनिअर सिस्टर नाइट ड्यूटी संपवून आल्या होत्या. व्हेंटिलेटरवरचा पेशंट डॉक्टरांच्या आधी त्यांच्या नजरेत बिघडतो, अशी त्यांची ख्याती. आपलं यश नशिबाने आलं असावं अशा अर्थाच्या विधानापाशी त्यांनी पेन टेकवलं आणि सरळ पाचावर गोल केला.

“सिस्टर, असं खरंच वाटतं तुम्हाला?”

“मग काय हो मॅडम! देवाची कृपा आणि आईवडिलांची पुण्याई. आपण काय, निमित्तमात्र.”

“आणि उद्या कुणी म्हटलं की तुम्हाला काम येत नाही?”

“येऊ दे की माझ्या बेडपाशी. दाखवते त्याला.”

थोड्या वेळाने शेवटच्या वर्षाची एक मुलगी बसली. तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमातून आलेली. तिनेही पाचच केला. पण ती म्हणाली, मेरिट लिस्टमध्ये माझं नाव चुकून आलं असावं, राउंडला सरांनी प्रश्न विचारला की वाटतं आता सगळ्यांना कळणार. बोलताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

दोघींचे गुण सारखेच. एकीचा तो विनय आहे, घरातून आलेला, आणि त्याखाली कामाबद्दल पक्की खात्री आहे. दुसरीला रात्री झोप नाही. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणायला कुणी शिकवतच नाही, मुलींना तर नाहीच. त्यामुळे नशिबाच्या आणि कौतुक नाकारण्याच्या विधानांवरचे चढे गुण मी आता जपून वाचते. उघडं पडण्याच्या भीतीची विधानं मला जास्त विश्वासाची वाटतात. मोजपट्टीत बदल करता येत नव्हता, म्हणून कमिटीची मान्यता घेऊन सोबत वेगळा कागद जोडला. त्यावर दोनच मोकळे प्रश्न होते : असं तुम्हाला कधी वाटतं, आणि कुणाच्या बोलण्याने वाटतं?

विद्यार्थिनी मला ओळखत होत्या, म्हणून प्रश्नावल्या वाटायला मी गेले नाही. नाव नाही, रोल नंबर नाही, बंद लिफाफा पेटीत टाकायचा. प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली, तिच्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

आकडेमोड एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर झाली. अल्फा, म्हणजे पट्टीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, समाधानकारक आला. विद्यार्थिनींची सरासरी स्टाफपेक्षा वर होती आणि ते अपेक्षितच होतं.

मला थांबवलं ते मोकळ्या कागदांनी. ‘कुणाच्या बोलण्याने’ यापुढे काहींनी लिहिलं होतं की वॉर्डमध्ये ‘कोट्यातून आलीस ना’ असं ऐकवलं जातं. त्यांचे पट्टीवरचे गुण चढे होते. या मुलींच्या मनात शंका आपोआप उगवलेली नाही, ती रोज कुणीतरी पेरतंय. नुसती बेरीज पाहिली तर त्या ‘आत्मविश्वास कमी’ या रकान्यात जातील आणि त्यांना समुपदेशनाला पाठवलं जाईल. बोलणारा मात्र तिथेच राहील. चर्चेच्या प्रकरणात मी हे स्पष्ट लिहिलं. शिफारशींत पहिली शिफारस विद्यार्थिनींसाठी नाही, वॉर्डमध्ये शिकवणाऱ्यांसाठी आहे : सगळ्यांसमोर पाणउतारा बंद, आणि जातीवरून बोलणाऱ्याविरुद्ध तक्रारीची सोय.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षक मॅडमनी विचारलंच, “मग टक्का किती?” मी सांगितलं, या रेघा अमेरिकेत आखल्या, आपल्या मुलींवर त्या लागू होतात का हे आधी तपासावं लागेल. त्यांनी परिशिष्ट उघडून मोकळी उत्तरं वाचायला घेतली आणि पुढचे प्रश्न त्यावरचेच विचारले.

ही भावना पुरुषांतही आढळते हे नंतरच्या संशोधनात दिसलं आहे, पण आमच्याकडे ब्रदर्सची, म्हणजे पुरुष नर्सेसची, संख्या फारच कमी होती. त्यांच्यासाठी आणखी कॉलेजं बरोबर घ्यायची ठरली आहेत. त्या नव्या अभ्यासाचा सिनॉप्सिस सध्या कमिटीकडे आहे.