तुम्ही विचारलंत म्हणून: खानदेशात इजिप्त कशाला?

व्याख्यान संपून चहा आला की कुणीतरी हमखास विचारतं, “सर, विषय खानदेशचा होता, मग मधेच इजिप्त, स्पेन आणि बाली कशाला?” अमळनेर-चोपड्याकडची माणसं जास्त मोकळी. ती सरळ म्हणतात, “सम्दं ठीक शे, पन आपला खान्देशनं काय?”

या प्रश्नात थोडा राग असतो आणि तो रास्त आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात खानदेशाच्या वाट्याला तशीही पानं कमीच येतात. थाळनेर आणि बऱ्हाणपूरच्या फारुकींनी इथे दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं. त्यात मी मिळालेल्या तासातला निम्मा वेळ नाईल नदीला दिला, तर माणूस चिडणारच. पण आपल्याकडे जे घडलं त्यातलं खास आपलं किती आणि त्याच वेळी सगळीकडे चाललेलं किती, हे नुसतं आपल्याकडे बघून कळत नाही. म्हणून मला बाहेर जावं लागतं.

फड पद्धतच घ्या. पांझरा, मोसम, गिरणा यांच्या काठची गावं शेकडो वर्षं या पद्धतीने पाणी वापरत आली. नदीत दगडी बंधारा आणि त्यातून काढलेला पाट. पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर पुढे तिथे भुसार. शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तर तोटा सगळ्यांच्या अंगावर सारखा पडे. पाणी द्यायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, आणि देखरेखीला हवालदार. सगळे गावानेच नेमलेले.

आता कार्ल विटफोगेल या अभ्यासकाचं म्हणणं ऐका. 1957 मध्ये त्यांनी ठासून मांडलं की जिथे मोठं पाटपाणी असतं तिथे ते वाटायला नोकरशाही लागते आणि त्यातून निरंकुश सत्ता उभी राहते. इजिप्त, चीन आणि भारत, सगळे एकाच माळेत. यावर मी फडाचं उदाहरण दिलं की सभागृहात टाळ्या पडतात. पण त्या टाळ्या फुकटच्या आहेत. विटफोगेल यांचा सगळा भर प्रचंड कामांवर होता, आणि छोटी सिंचनव्यवस्था वेगळी असते हे त्यांनाही मान्य होतं. पांझरेवरचा बंधारा नाईलसमोर उभा करून विटफोगेलना हरवलं असं म्हणणं म्हणजे लबाडी.

मापाला माप हवं. इतिहासकार केनेथ पोमरान्झ यांनी 2000 मध्ये हेच केलं. अख्ख्या चीनची अख्ख्या युरोपशी तुलना न करता त्यांनी यांगत्सेच्या मुखाजवळचा सुपीक प्रदेश इंग्लंडच्या शेजारी ठेवला. तसा फड ठेवायचा तर स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पाटांशेजारी ठेवावा. तिथे दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच बसतात, पाण्याची भांडणं ऐकतात आणि तोंडी निवाडा देतात. आजही. बालीमध्ये पाण्याचं वेळापत्रक देवळांच्या भोवती बांधलेलं असतं. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 मध्ये व्हॅलेन्सियाचे पाट, स्वित्झर्लंडची कुरणं आणि फिलिपाईन्समधल्या पाटावरच्या शेतकऱ्यांच्या संस्था शेजारी शेजारी मांडून दाखवलं की सामाईक साधनं लोक स्वतःच्या नियमांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळू शकतात. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही रांग लावल्यावर मला फडाचं वेगळेपण दिसलं. व्हॅलेन्सियात भांडण मिटवायला पंच आहेत आणि बालीत देऊळ आहे. आपल्याकडे जमिनीची विभागणीच अशी केली की भांडणाला जागा कमी उरावी. मग ही पद्धत मोडली कशामुळे? वर धरणं झाली, हे कारण सगळे सांगतात. माझ्या मते विहिरीवरच्या मोटारीने जास्त मोडली. ज्याला स्वतःचं पाणी मिळालं त्याला शेजाऱ्याबरोबर एकच पीक घ्यायची गरज राहिली नाही.

कापसाची गोष्ट वेगळी. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेश व इजिप्त दोन्हीकडे पांढऱ्या सोन्याचा बहर आला. आपल्याकडे रेल्वेही त्याच वर्षांत भुसावळपर्यंत आली. युद्ध संपताच भाव कोसळले. इथे माझे काही विद्यार्थी खूश होतात: दोन ठिकाणी एकच घडलं, म्हणजे नियम सापडला! नाही सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस गॉल्टन यांनी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांना नेमकं हेच विचारलं होतं, की तुमची उदाहरणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत कशावरून? खानदेश आणि इजिप्त दोघंही इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजाराला बांधलेले. एकाच दोरीच्या दोन टोकांना हिसका बसला, इतकंच.

फरक हिशेबात आहे. इजिप्तमध्ये तिथला राज्यकर्ता इस्माईल पाशा कर्ज काढू शकत होता. त्याने ते काढलं, 1876 मध्ये त्याच्या सरकारने हात वर केले आणि 1882 मध्ये इंग्रज फौज घेऊन उतरले. तिथले शेतकरीही कर्जात होतेच. पण खानदेशात कर्ज काढायला राजाच नव्हता, 1818 पासून इंग्रजच होते. त्यामुळे इथे मंदीचा सगळा भार घराघरावर आणि सावकाराच्या वहीत आला.

आणि मग शेजार. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी 1928 मध्ये ऑस्लोच्या व्याख्यानात सांगितलं की सर्वांत फलदायी तुलना जवळच्या, एकाच काळातल्या समाजांची. मलाही तेच पटतं. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची कर्जखतं जळाली आणि दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. कापसाची मंदी खानदेशातही होती, सावकारही होते. मग इथे तसं का पेटलं नाही? मला वाटतं, उत्तराचा मोठा भाग आकारणीच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या, वेळापत्रकात आहे. इंदापूर भागात पहिल्या आकारणीची मुदत 1860 च्या दशकात संपली आणि नवा सारा वाढून आला तो नेमका भाव पडायच्या सुमारास. खानदेशात मुळात पहिली मोजणीच 1852 च्या आसपास सुरू झाली, म्हणून भाव पडले तेव्हा इथे नव्या साऱ्याची वेळ आलीच नव्हती. त्या पहिल्या मोजणीच्या वेळी मात्र सावदा-फैजपूरकडे लोक तिच्याविरुद्ध उठले होते. म्हणजे खानदेशी शेतकरी गरीब गाय होता असं समजू नका. त्याचा उठाव वेगळ्या वेळी झाला आणि सावकाराऐवजी मोजणीदारावर झाला.

इंग्रज इतिहासकार टॉयन्बींसारखं सगळ्या संस्कृतींचा जन्म, वाढ आणि मरण एका साच्यात बसवणं मला जमत नाही. हल्ली जगभरच्या राज्यांची माहिती संगणकात भरून इतिहासाचे नियम शोधणारे गट आहेत, पीटर तुर्चिन आणि सहकाऱ्यांची ‘सेशात’ ही त्यातली ठळक माहितीपेढी. काम मेहनतीचं आहे. माझी शंका रकान्यांबद्दल आहे. 1630 च्या दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज नंदुरबारवरून आग्र्याला गेला आणि वाटेवरची प्रेतं लिहून ठेवली. तेव्हा शाहजहान बऱ्हाणपूरला मुक्कामाला होता. दरबारी बखर सांगते की दर सोमवारी तिथे पाच हजार रुपये वाटले जात. बैलांवरून येईल तेवढंच धान्य, आणि तेही पुरेसं नाही. 1899 च्या, म्हणजे संवत 1956 म्हणून ‘छप्पन’च्या दुष्काळात रेल्वे होती. रेल्वेने धान्य येऊ शकत होतं, पण ते विकत घेण्याइतकी मजुरी लोकांच्या हातात नव्हती. एकदा धान्य नाही, एकदा पैसा नाही. तक्त्यात मात्र दोन्हीकडे ‘दुष्काळ’ हा एकच शब्द पडणार, आणि तो रकाना कसा फोडायचा हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही.