फुलाकडे नंतर बघा, गोल्डनरॉडचं आधी खोड बघा

सप्टेंबरमध्ये पूर्व अमेरिकेत जिकडे बघावं तिकडे गोल्डनरॉड, म्हणजे पिवळ्या फुलांचं एक रानझुडूप, फुललेला असतो, आणि फोटो काढून झाडं ओळखणाऱ्या ॲपला विचारलं की ते बरेचदा "सॉलिडॅगो" एवढंच सांगून मोकळं होतं. सॉलिडॅगो हे गोल्डनरॉडच्या सगळ्या गटाचं शास्त्रीय नाव, त्याच्या जाती शंभराच्या वर आहेत, बहुतेक उत्तर अमेरिकेतल्याच, आणि फुलं सगळ्यांची जवळपास सारखीच, बारकी पिवळी. म्हणून मी म्हणते खोड बघा, पान बघा आणि झाड उभं कुठे आहे ते बघा.

माझा लाडका म्हणजे निळ्या खोडाचा, सॉलिडॅगो सीसिया. हा मोकळ्या माळावर सहसा भेटायचा नाही, ओक-मेपलच्या जंगलात उतारावर, अर्धवट सावलीत शोधायचा. खोड बारीक, जांभळट, आणि त्यावर निळसर मेणाचा थर, काळ्या द्राक्षावर असतो ना अगदी तसाच, बोटाने चोळला की निघतो. पानं अरुंद, देठ जवळजवळ नाहीच. फुलांचा शेंड्याला मोठा तुरा नसतो, पानापानाच्या बेचक्यात छोटे झुबके येतात आणि अख्खी काडी कमानीसारखी वाकते. फार देखणा प्रकार आहे, पण सावलीत असल्यामुळे लोक सरळ पुढे निघून जातात!

तशाच जंगलात झिगझॅग गोल्डनरॉडपण असतो, त्याचीही फुलं बेचक्यातच, म्हणजे नुसत्या फुलांवरून घोळ होणार. पण त्याची खालची पानं चांगली रुंद, कडा दातेरी, आणि खोड पेरापेराला दिशा बदलत वर जातं.

उन्हातल्या पडीक शेतात माणसाएवढा उंच, शेंड्याला पिसासारखा तुरा, पानावर तीन ठळक शिरा, तर तो कॅनडा गोल्डनरॉड किंवा त्याचा भाऊबंद. त्याच्या खोडावर गोल गाठ दिसली तर आत एका माशीची अळी राहत असते, हिवाळ्यात सुतारपक्षी ती गाठ फोडून अळी खातात. समुद्राकाठच्या वाळूत जाड, मांसल पानांचा दिसला तर तो सीसाइड गोल्डनरॉड. कोरड्या रेताड जागी पान चुरगळून बडीशेपेसारखा वास आला की तो सॉलिडॅगो ओडोरा, त्याला दुसरा पुरावा नको.

आणि शिंकांसाठी या बिचाऱ्याला शिव्या देऊ नका हो, याचे परागकण जड आणि चिकट, ते किड्यांच्या अंगाला लागून जातात. वाऱ्यावर उडतात ते रॅगवीड नावाच्या तणाचे, ते तण त्याच सुमारास फुलतं, पण फुलं हिरवट असल्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.