बोटबाहुल्यांचा साहित्यिक संच: कुसुमाग्रज आणि बहिणाबाई तयार, तुकोबा अर्धे

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, नाशिकच्या वाचणाऱ्या मंडळींना पुस्तकासोबत देता येईल असा हा संच आहे. माणूस हातभर अंतरावरून ओळखू आला पाहिजे, ही आमची एकमेव अट. एवढ्याशा चेहऱ्यावर नाक-ओठ कितीही कोरले तरी ओळख पटते ती केस, चष्मा, पदर, पागोटं यांवरूनच. म्हणून मेहनत तिथेच घ्यायची.

अंगासाठी १ मिमी जाडीचं ॲक्रिलिक फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं, न विणलेलं कापड. मोठ्यांच्या बोटाला ४.५ × ८ सेमीचे दोन तुकडे, मुलांसाठी रुंदी ४ सेमी. कडेपासून ३ मिमीवर काजटाका. जाड फेल्ट घेतलं की आतली जागा कमी होते आणि बोट निम्म्यावरच अडकतं.

चेहऱ्याच्या रंगाचं मात्र बघावं लागतं. 'स्किन' म्हणून मिळणारं फेल्ट गुलाबी असतं, आपल्या माणसांना ते शोभत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून काम होत नाही, कारण ॲक्रिलिक फेल्ट चहाचा रंग धरत नाही. सुती मांजरपाट धरतो. तो रंगवून, वाळवून फेल्टवर टाचला की छान गव्हाळ चेहरा मिळतो.

कुसुमाग्रजांचा सगळा जीव चष्म्यात आहे. तारेचा चष्मा बोटाला टोचतो, म्हणून काळ्या रेशमाने भरायचा. सहापदरी दोऱ्यातले तीनच पदर घ्या, सहाही घेतले तर डोळे झाकले जातात. एकेक काच १० × ८ मिमी, मध्ये ३ मिमी जागा. बॅकस्टिचचा (मागे येऊन पुढे जाणारा) टाका २ मिमीपेक्षा लांब गेला की कोपऱ्याची गोलाई मोडते. आधी डोळे, मग चष्मा, शेवटी पांढरे केस. म्हणजे काड्यांची टोकं केसांखाली जातात. हे सगळं पुढचा-मागचा भाग जोडण्याआधी, आणि मागच्या गाठींवर फेल्टचा पातळ तुकडा टाचून. नाहीतर नखात दोरा अडकून चष्मा ओढला जातो.

बहिणाबाईंचा पदर जुन्या सुती लुगड्याचा, ६ × १० सेमी, काठ १ सेमीच्या आत. रुंद काठाने कपाळ झाकतं आणि कुंकू दिसेनासं होतं. पदर माथ्यावर आणि दोन्ही कानांशी, असा तीनच ठिकाणी टाचावा. सगळीकडून शिवला तर चेहरा आत गेल्यासारखा दिसतो.

फॅब्रिक ग्लू टाचणीच्या टोकाएवढाच. जास्त झाला की आरपार उतरतो, डाग पडतो आणि फेल्ट कडक होतं. इस्त्री थेट फिरवू नका, ॲक्रिलिक वितळतं.

डोक्यात लोहचुंबक घालून बाहुली फ्रिजवर लावता येते, पण घरात लहान मूल असेल तर घालूच नये. शिवण उसवून दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला इजा होते.

तुकोबांचं पागोटं बसलं आहे, तुळशीमाळ फ्रेंच नॉटची, म्हणजे सुईवर दोरा गुंडाळून घातलेल्या गाठींची. वीणा बाकी आहे: दांडीला फेल्ट वाकतं, त्यामुळे आत कापसाची वात घालून गुंडाळी करायची आहे.