"खास तुमच्या कानासाठी" म्हणजे नक्की काय?

पेपरात आलेलं एक पॅम्फ्लेट आईने गादीखाली जपून ठेवलं होतं. वर ठळक मराठीत "खास तुमच्या कानासाठी बनवलेलं मशीन, बहिरेपणावर कायमचा उपाय, मोफत तपासणी, फक्त 3 दिवस", बाजूला पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरचा फोटो, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्लिश अक्षरात की रिझल्ट प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. आई 74 वर्षांची, तिला इंग्लिश येत नाही, आणि ते बारीक अक्षर मलाही खिडकीपाशी नेऊन वाचावं लागलं.

मी ऑफिसात असताना ती रिक्षा करून गेली आणि 5000 अ‍ॅडव्हान्स देऊन आली. तपासणी कशी झाली विचारलं तर म्हणे रस्त्याकडच्या खोलीत, दार उघडंच, बाहेर पीएमटी बसचे हॉर्न चालू. कानात बॅटरी मारून कुणी बघितलंसुद्धा नाही. मग टिळक रोडला आमच्या नेहमीच्या ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं तर दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला! तो काढला, मग साउंडप्रूफ केबिनमध्ये ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी झाली, आणि ऑडिओलॉजिस्टने कानाचं माप घेतलं. आधी दोरा बांधलेला स्पंजचा छोटा गोळा आत सरकवला, म्हणजे मापाचा मसाला कानाच्या पडद्यापर्यंत जाऊ नये, मग सिरिंजने निळं सिलिकॉन भरलं आणि आईला सांगितलं की आजी, तोंड उघडा, मिटा, जबडा हलला की कानाची नळी पण हलते. पाचेक मिनिटांत तो साचा बाहेर आला, आईने हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला.

पॅम्फ्लेटवाल्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं. ते देणार होते ते तयार मशीन, तयार रबरी टोपी, फक्त कॉम्प्युटरवर आवाज सेट करून. तसं मशीन वाईट असतं असं नाही, बऱ्याच जणांना तेच पुरतं, पण मग "खास बनवलेलं" का छापायचं? आपल्याकडे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, 2017 मध्ये कस्टम मेडची व्याख्या आहे: त्या विषयातल्या नोंदणीकृत डॉक्टरच्या लेखी प्रिस्क्रिप्शनवरून, त्याच्या जबाबदारीवर, एकाच पेशंटसाठी बनवलेली वस्तू, आणि घाऊक उत्पादन त्यात धरत नाहीत. पण जाहिरातीत हा शब्द कुणीही कशालाही लावतंय, चपलेच्या इनसोलला, दातांच्या अलाइनरला, गुडघ्याच्या पट्ट्याला.

ऑस्ट्रेलियात 25 फेब्रुवारी 2021 पासून हे कप्पे कायद्यानेच वेगळे केलेत, एकाच पेशंटसाठी बनवलेलं, कंपनीच्या ठरलेल्या डिझाइनमधून पेशंटच्या मापाने बनवलेलं, आणि घाऊक बनवून नंतर माणसाप्रमाणे जुळवून दिलेलं. शिवाय लोकांसाठीच्या जाहिरातीत डॉक्टरची शिफारस तिथे चालत नाही. मला वाटतं आपल्याकडेही जाहिरातीत कप्पा लिहायची सक्ती हवी, मराठीत, मोठ्या अक्षरात. कारण ग्राहक "खास" या शब्दाचेच जास्तीचे पैसे मोजतो आणि मोजणारी बहुतेक म्हातारी माणसं असतात.

बाकी नियम आपल्याकडे आहेतच की. 1954 चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय, आक्षेपार्ह जाहिराती कायदा, त्याच्या यादीत बहिरेपणा आहे, म्हणजे तो बरा करतो अशी जाहिरातच करता येत नाही, आणि त्यातल्या औषध शब्दात शरीराच्या कामावर परिणाम करण्यासाठीची वस्तूसुद्धा येते. पहिल्यांदा दोषी ठरलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जून 2022 ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्ट सांगतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. दावा मराठीत आणि खुलासा इंग्लिशमध्ये, तोही मुंगीएवढा, हे इथेच चुकलं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिलीये, पॅम्फ्लेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि अ‍ॅडव्हान्सची पावती लावून. तुमच्याकडे असं पॅम्फ्लेट आलं तर रद्दीत टाकायच्या आधी फोटो काढून ठेवा, तारखेसकट. अ‍ॅडव्हान्स अजून परत मिळालेला नाही. आईच्या कानाच्या मापाचा मोल्ड गुरुवारी येतोय, आणि या वेळी मी रजा टाकलीये.