पाण्याला न शिवणारं मंडळ

शुक्रवार, रात्री उशिरा

दिवाळी अंकाची चित्रं टेबलावर अर्धवट पडली आहेत. संपादकांचा फोन उद्या येणारच. आणि मी वाचतोय काय, तर 1878 सालच्या पॅरिसमधल्या एका टवाळ मंडळाबद्दल.

मंडळाचं नाव 'इद्रोपात', म्हणजे जलोपचारवाले. पाण्याने रोग बरे करणारे. प्रत्यक्षात ही मंडळी पाणी सोडून बाकी सगळं पीत. नाव उचललं होतं एका वॉल्ट्झवरून, म्हणजे नाचाच्या सुरावटीवरून, आणि त्यामागे काही गहन विचार होता असं म्हणायला जागा नाही. स्थापना करणारा एमिल गुदो दिवसा सरकारी अर्थखात्यात कारकुनी करायचा आणि रात्री कविता. हे वाचून मला एकदम बरं वाटलं. आपल्याकडचे कितीतरी कवी मामलेदार कचेरीत किंवा पोस्टात दिवस काढून संध्याकाळी गझलेला बसले, त्यांच्याच जातकुळीतला हा माणूस.

मंडळ निघालं ते गैरसोयीतून. लॅटिन क्वार्टर या विद्यार्थ्यांच्या वस्तीतल्या कॅफेच्या वरच्या खोलीत गुदोच्या मित्रांना पियानो वाजवायचा असे, कविता म्हणायच्या असत, आणि बाकीचे विद्यार्थी गोंगाट करून ते हाणून पाडत. तेव्हा यांनी डोकं चालवलं : आपण रीतसर संस्थाच काढू, अध्यक्ष नेमू, बैठका ठरवू, म्हणजे गोंगाट करणारेही सभासद होतील आणि गप्प बसतील. गप्प कोणी बसलं नाही, पण सभासद मात्र शेकड्यांनी झाले. कवी, चित्रकार, वैद्यकीचे विद्यार्थी, नट. गाजलेली नटी सारा बर्नार्टसुद्धा त्यात होती. शार्ल क्रो नावाचा एक कवी होता, ज्याने 1877 च्या एप्रिलमध्ये, एडिसनच्या आधी, आवाज नोंदवून पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राची कल्पना पाकिटात बंद करून फ्रेंच विज्ञान अकादमीकडे ठेवली होती. यंत्र काही त्याच्या हातून झालं नाही. मंडळात तो सुकवलेल्या बांगड्यासारख्या माशावरची कविता म्हणून लोकांना हसवायचा.

1879 च्या जानेवारीत त्यांनी स्वतःचं नियतकालिक काढलं, 'ल'इद्रोपात'. मला झोप येऊ देत नाहीये ती त्याची मुखपृष्ठं. प्रत्येक अंकावर मंडळातल्याच कुणाचं तरी अर्कचित्र. पहिल्या अंकावर खुद्द अध्यक्ष गुदो. मंत्री नाही, धर्मगुरू नाही, प्रतिस्पर्धी कवी नाही. सुरुवातच आपल्या माणसाचं नाक वाढवून.

आमच्या आर्ट कॉलेजात भित्तिपत्रक असायचं. त्यात प्राचार्यांची नक्कल, शेजारच्या वर्गाची टर, महापालिकेची खरडपट्टी सगळं चालायचं. आमची स्वतःची थट्टा मात्र एकदाही झाल्याचं आठवत नाही. मराठीतही विडंबन बहुतेक वेळा बाहेरून आलं. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं, चहाच्या कपाभोवती कविता वाचू लागलं, आणि दोन वर्षांत आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मधून त्यांची आणि त्या वळणाच्या कवितेची जी काय हजामत केली, ती आजही वाचताना हसू आवरत नाही. पण अत्रे मंडळाच्या बाहेर होते. आपली खिल्ली मंडळानेच उडवली असती तर? माधव ज्यूलियनांचं अर्कचित्र यशवंतांनी छापलं असतं तर? छे, कल्पना करवत नाही.

रविवार

सकाळी संपादकांना दोन चित्रं पाठवली. तिसऱ्याची सबब सांगितली.

आज आल्फॉन्स आले (आडनाव आहे, क्रियापद नव्हे). औषधविक्रेत्याचा मुलगा, स्वतःही औषधशास्त्र शिकायला पॅरिसात आलेला, आणि तिथे टवाळांच्या नादी लागलेला. 1880 मध्ये याने आणि सापेक, ज्यूल जुई या दोस्तांनी भर बैठकीत फटाके उडवले. त्यानंतर मंडळ फार टिकलं नाही. टवाळांचं मंडळ टवाळीमुळे बंद पडावं यात मला काहीच विपरीत वाटत नाही. उलट घटना समिती आणि वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत पोचलं असतं तर वाईट झालं असतं.

मंडळी विखुरली आणि पुन्हा जमली. 1882 मध्ये ज्यूल लेव्ही नावाच्या माणसाने 'असंबद्ध कलावंतां'चं प्रदर्शन भरवलं : चित्र काढता न येणाऱ्यांनी काढलेल्या चित्रांचं. एक प्रदर्शन त्याने स्वतःच्या घरातच लावलं आणि एका दिवसात दोन हजारांवर माणसं जिना चढून आली. तिथे पॉल बिलोने एक पूर्ण काळा कॅनव्हास टांगला. पुढच्या वर्षी आल्फॉन्सने पांढराशुभ्र कोरा कागद लावला आणि खाली लिहिलं : बर्फ पडत असताना रक्तक्षय झालेल्या मुलींचा पहिला धर्मविधी. मग लाल कापड : तांबड्या समुद्राच्या काठी टोमॅटो तोडणारे, रागाने लालबुंद झालेले कार्डिनल, म्हणजे लाल झग्यातले बडे धर्मगुरू. 1897 मध्ये त्याने हे सगळे रंग एका छोट्या पुस्तकात छापले आणि शेवटी एका थोर बहिऱ्या माणसासाठी अंत्ययात्रेचं संगीत दिलं. नुसत्या रिकाम्या स्वररेषा.

रशियन चित्रकार मालेविचचा काळा चौकोन 1915 चा. संगीतकार जॉन केजची गाजलेली शांतता, एकही स्वर न वाजवता सादर होणारी रचना, 1952 ची. या दोघांवर मी कॉलेजात टिपणं काढली आहेत, परीक्षेत उत्तरं लिहिली आहेत. आल्फॉन्सचं नाव कुठल्याच सरांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हसवणारा माणूस पहिला आला तर कलेच्या इतिहासात त्याची नोंद तळटीपेत होते, हे आपल्याकडेही खरं आहे.

पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. बिलोच्या त्या काळ्या कॅनव्हासचं शीर्षक होतं रात्रीच्या वेळी चाललेली काळ्या माणसांची मारामारी, आणि शब्द वापरला होता तो हेटाळणीचा. त्या काळी फ्रान्स आफ्रिकेत वसाहती वाढवत होता. ज्यांच्यावर विनोद होता त्यातलं कोणी त्या जिन्यावरून वर येणार नव्हतं. स्वतःचं नाक वाढवून सुरू झालेली टवाळी चार वर्षांत इथे पोचली. 2015 मध्ये मॉस्कोच्या संशोधकांना मालेविचच्या चौकोनावरही त्याच विनोदाची आठवण करून देणारी अक्षरं दिसली. म्हणजे तो पोरकट विनोद रशियापर्यंत गेला आणि आधुनिक कलेच्या सर्वांत गंभीर चित्रात मुरून बसला. 'त्या काळी चालायचं' म्हणून मी हे सोडून देऊ शकत नाही. आवडलेल्या माणसांबद्दलही नाही.

मंगळवार

तिसरं चित्र अजून नाही. आज 'शा न्वार'. काळं मांजर.

चित्रकार स्टाइनलेनचं ते पिवळ्या पार्श्वभूमीवरचं काळं मांजर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कॉफीच्या मगावर, उशीच्या अभ्र्यावर, कोरेगाव पार्कातल्या कॅफेच्या भिंतीवर. ते पोस्टर 1896 चं, म्हणजे गोष्ट संपता संपताचं. गोष्ट सुरू होते 1881 च्या नोव्हेंबरात, पॅरिसच्या माँमार्त्र भागात. रोदोल्फ सालिस नावाच्या, चित्रकलेत न जमलेल्या माणसाने 'शा न्वार' नावाचं दारूचं दुकान उघडलं आणि गुदोला गाठून अख्खं जलोपचार मंडळ नदीच्या पलीकडून उचलून आणलं. त्याच वर्षी जुलैत फ्रान्समध्ये छापखान्यांना मोकळीक देणारा कायदा झाला होता. त्याआधी अर्कचित्र छापायला सरकारची परवानगी लागे. 1882 च्या जानेवारीत 'शा न्वार' साप्ताहिक निघालं, ते या मोकळ्या हवेत.

सालिसचं डोकं अफाट. वाढप्यांना फ्रेंच अकादमीच्या, म्हणजे भाषा-साहित्याच्या त्या मानाच्या संस्थेच्या, सभासदांचा हिरवा पोशाख घातला. गिऱ्हाइकाला 'महाराज' म्हणत म्हणत त्याचा पाणउतारा करायचा. 1882 मध्ये साप्ताहिकात स्वतःच्याच मृत्यूची बातमी छापली, स्वतःची अंत्ययात्रा काढली आणि दारावर पाटी लावली : दुःखद निधनामुळे दुकान उघडे आहे. ही पाटी पुण्यात लागली असती तर शोभली असती, एवढंच म्हणतो. 1884 मध्ये तो पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, माँमार्त्र फ्रान्सपासून वेगळं करण्याच्या मागणीवर.

साप्ताहिकात विलेत, स्टाइनलेन, कारां दाश शब्दांशिवाय गोष्टी सांगत. चित्रकार म्हणून मला ती पानं बघून अजून हेवा वाटतो. 1886 पासून संपादन आल्फॉन्सकडे आलं. त्याने काय करावं? पॅरिसमधला सर्वांत वजनदार, सर्वांत समंजस नाट्यसमीक्षक फ्रांसिस्क सार्से याच्या नावाने बेधडक लेख लिहायला सुरुवात केली. सार्सेची सही, मजकूर आल्फॉन्सचा. खऱ्या सार्सेने ते हसण्यावारी नेलं. आज कुठल्या मराठी समीक्षकाच्या नावाने मी असं लिहिलं तर वकिलाची नोटीस किती तासांत येईल, यावर मित्रांत पैज लावता येईल.

एव्हाना दुकान मोठ्या इमारतीत गेलं होतं. वर आंरी रिव्हिएरचं छायानाट्य, खाली पियानोवर संगीतकार एरिक साती, आणि खुर्च्यांवर पैसे मोजून आलेले सभ्य लोक, कलावंत कसे वेडे असतात ते बघायला. पैसे सालिसकडे. लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांना मिळायचं ते बहुधा नाव आणि बिअर. सालिसला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याने दुकान चालवलं नसतं तर ही पानं माझ्यापर्यंत आली नसती. आणि तरी मला वाटतं, बाकावर बसलेले सगळेच एकमेकांचे थट्टेकरी होते तोवर ते मंडळ होतं. तिकीट काढून माणूस समोर बसला की थट्टा फक्त एकाच बाजूने व्हायला लागते. 1897 मध्ये सालिस खरोखरचा मेला आणि दुकानही मिटलं. त्या वेळी पाटी काय लावली होती कोण जाणे.

शनिवार

चहाच्या टपरीवर सगळे मित्र जमले होते. मी हे सगळं एका दमात सांगितलं. छापील चार पानी अंक काढायचा, हे पाच मिनिटांत ठरलं. नाव ठरायला वेळ लागला आणि ठरलं नाही. मी म्हटलं, अट एकच : मुखपृष्ठावर आपल्यातल्याच कुणाचं तरी अर्कचित्र, आणि ते त्याला आधी दाखवायचं नाही.

सगळ्यांना अट मान्य. मग पहिल्या अंकावर कोण? अॅनिमेशनवाला म्हणाला, अर्थातच कवी. कवी म्हणाली, कल्पना ज्याची त्याने मुखपृष्ठावर यावं, गुदो आला होता ना? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझं दिवाळी अंकाचं काम अजून बाकी आहे, पुढच्या अंकाला बघू. त्यावर कवीने माझ्याच वहीतून कागद फाडला, पेन्सिल मागितली आणि मला म्हणाली, जरा मान वर कर, हनुवटी दोन आहेत का तीन ते नीट दिसत नाहीये.