उयुनी ते ऑकलंड: न आलेला मंगळवार

बोलिव्हियात रस्ता बंद आहे म्हटलं की दरड कोसळली असेल असं समजू नये. तिथे लोक स्वतःच रस्त्यावर दगड आणि टायर आणून टाकतात आणि मागणी मान्य होईपर्यंत तिथेच ठाण मांडतात. याला 'ब्लोकेओ' म्हणतात. ला पाझहून उयुनीला येताना आमची बस अशा ब्लोकेओत अडकली. रात्र बसमध्येच काढली, सकाळी सगळ्यांनी सामान उचललं आणि दगडांच्या पलीकडे थांबलेल्या दुसऱ्या गाडीपर्यंत चालत गेलो. पाठीवर चौदा किलो, उंची 3,700 मीटर. शंभर पावलं टाकली की थांबावं लागत होतं. रस्ता अडवणाऱ्या बायकांचा राग मला आला नाही. त्यांच्या पाण्याचा प्रश्न होता आणि चालत जाणाऱ्या आम्हाला त्यांनी अडवलं नाही. पण माझा दीड दिवस गेला.

हे सांगायचं कारण, सोमवारी रात्री पावणेबाराला चिलीतल्या सांतियागोहून माझं ऑकलंडचं विमान होतं. दक्षिण अमेरिकेतले चार महिने संपवून पुढचे तीन महिने न्यूझीलंडला, असा बेत होता. हाताशी तीन दिवस मोकळे ठेवले होते आणि तेवढे पुरेसे वाटले होते. उयुनीहून जीपने मिठाचं मैदान आणि रंगीत तळी बघत तीन दिवसांत चिलीतल्या सान पेद्रो दे अताकामाला उतरायचं, हा तिथला नेहमीचा मार्ग. पण तो इतो काहोनच्या घाटातून जातो, साडेचार हजार मीटरच्या आसपास. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. घाटात बर्फ पडला आणि चिलीने नाकं बंद केलं. "उद्या उघडेल", असं दोन दिवस ऐकलं.

शनिवारी संध्याकाळी मी जीपचा नाद सोडला आणि सीमेवरच्या ओयाग्वेमार्गे चिलीतल्या कालामाला जाणाऱ्या बसचं तिकीट काढलं. बस पहाटे चारला सुटते. आत हीटर नव्हता, खिडकीच्या काचेवर आतून बर्फाचा पापुद्रा धरला होता, आणि मी स्लीपिंग बॅग छातीपर्यंत ओढून बसले होते. सीमेवर एक बस सोडून दुसरीत बसायचं असतं. त्याआधी चिलीची कृषी तपासणी. फळं, बिया, चीज, मध, काही आत नेता येत नाही. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून बोलिव्हियात सगळे कोकाची पानं चघळतात. त्यांची पिशवी माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात राहिली होती. रांगेत हात खिशात गेला आणि पोटात गोळा आला. तिथे पिंप ठेवलेलं असतं, त्यात टाकली. बॅकपॅकचे सगळे कप्पे सीमेच्या आदल्या रात्रीच उलटे करून झटकावेत, हे मी तेव्हापासून न चुकता करते.

कालामाहून सांतियागो बसने बावीस तास. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी झोपले.

सोमवारी रात्री आठच्या सुमारास विमानतळावर पोचले तेव्हा वाटलं, जिंकलं. तीन दिवसांची शिल्लक संपली होती, पण विमान हातात होतं. साडेआठला रांगेत उभी राहिले. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट घेतला, न्यूझीलंडच्या व्हिसाचं पत्र बघितलं, स्क्रीनवर काही वाचलं आणि विचारलं, "न्यूझीलंडमधून बाहेर पडायचं तिकीट?"

ते नव्हतं. तिथून कुठे आणि कधी जायचं हे मी ठरवलंच नव्हतं. बॅकपॅक घेऊन निघायचं ते त्यासाठीच. व्हिसाच्या पत्रात परतीच्या किंवा पुढच्या तिकिटाबद्दल लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं, आणि उतरल्यावर बघू म्हणून सोडून दिलं होतं. मी त्यांना बँकेचं स्टेटमेंट दाखवलं, पैसे पुरेसे आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे मान हलवली. तिकीट दाखवा, मग बोर्डिंग पास देते.

त्या क्षणी मला ती बाई निष्ठुर वाटली. नंतर समजून घेतलं तेव्हा मत बदललं. विमान कंपन्या 'टिमॅटिक' नावाची माहितीप्रणाली वापरतात. ती आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना चालवते. कुठल्या पासपोर्टाला कुठे काय लागतं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि काउंटरवरचा माणूस तेच वाचत असतो. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला आणि तिकडे त्याला प्रवेश नाकारला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते. बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. त्यामुळे दुसऱ्या देशाची पहिली चौकी तिथे उतरल्यावर लागत नाही, ती इथल्याच काउंटरवर लागते. चार महिने जमिनीवरच्या सीमा ओलांडून मला सवय वेगळीच लागली होती: अधिकारी समोर असतो, त्याच्याशी बोलता येतं, समजावता येतं. इथे समजावण्यासारखं कुणी नसतंच.

बाजूला होऊन जमिनीवर बसले आणि फोनवर ऑकलंड ते सिडनीचं सगळ्यात स्वस्त तिकीट शोधलं. पैसे भरायच्या आधी, का कोण जाणे, परत काउंटरवर जाऊन विचारलं: "सिडनीचं चालेल?" त्या म्हणाल्या, "ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे?" नव्हता. मग ते तिकीट दाखवून उपयोग नाही, कारण मला प्रवेश नाही अशा देशाचं तिकीट म्हणजे बाहेर पडण्याची सोय नव्हे. हे डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या पासपोर्टाला आधी व्हिसा लागत नाही असा जवळचा देश म्हणजे फिजी. ऑकलंड ते नांदी, तीन तासांचं विमान. पूर्ण पैसे परत मिळणारं तिकीट निवडलं, महाग होतं. कार्डाचा नंबर टाकला.

ओटीपी आला नाही.

माझं घरचं सिम बॅगेतल्या छोट्या डबीत होतं. ते काढून घातलं, रोमिंग चालू करायचा प्रयत्न केला, रेंज नाही. घड्याळात साडेनऊ. काउंटर पावणेअकराला बंद होणार. हात थरथरत होते आणि सिमचा इवलासा ट्रे दोनदा जमिनीवर पडला. दुसऱ्यांदा तो बॅगेच्या पट्ट्याखाली गेला आणि मी गुडघ्यांवर बसून शोधत असताना मला रडू आलं. एक सफाई करणारे काका थांबले, वाकून ट्रे उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि निघून गेले.

घरी तेव्हा सकाळचे सात. विमानतळाच्या वायफायवरून ताईला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"ताई, मला एक तिकीट काढून दे. आत्ता. तुझ्या कार्डावर."

"कुठलं?"

"ऑकलंड ते नांदी."

"नांदी कुठे आलं गं?"

"फिजीत. नंतर सांगते सगळं."

तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. फक्त पासपोर्टावरचं नाव अक्षर अक्षर उच्चारून घेतलं, जन्मतारीख दोनदा म्हणवून घेतली. दहा वाजून पाच मिनिटांनी पीडीएफ आली. काउंटरवरच्या बाईंनी ती बघितली, टाइप केलं, आणि बोर्डिंग पास छापून आला तेव्हा पहिल्यांदाच हसल्या. बॅकपॅक पट्ट्यावरून आत गेली. दोन दिवसांनी नीट जेवावंसं वाटलं, पण वेळ नव्हता.

सांतियागो ते ऑकलंड साडेनऊ हजार किलोमीटरहून जास्त, जवळजवळ सगळा पॅसिफिक महासागर. तेरा तास खाली काळोख. विमान सूर्याच्या उलट्या दिशेने नाही, त्याच्याच मागे पश्चिमेला जातं, त्यामुळे रात्र संपतच नाही. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. सोमवारी रात्री बसले ती बुधवारी पहाटे पावणेपाचला उतरले. शाळेत भूगोलात हे शिकलेलं होतं, तरी होस्टेलचं बुकिंग करताना सोमवार अधिक तेरा तास म्हणजे मंगळवार असा हिशेब केला होता. मंगळवारी रात्री मी आले नाही म्हणून माझा बेड दुसऱ्याला गेला होता. तिकिटावर उतरण्याची तारीख स्पष्ट छापलेली असते, स्थानिक वेळेनुसार. बुकिंग करताना तीच बघायची, मनातला हिशेब करायचा नाही.

न्यूझीलंडला जाताना प्रवासी घोषणापत्र भरावं लागतं. ते मी बसमध्येच ऑनलाइन भरलं होतं, आणि वापरलेले ट्रेकिंगचे बूट व तंबू, दोन्हीपुढे 'हो' लिहिलं होतं. न सांगता असं काही सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. तपासणीच्या टेबलाशी एका तरुण अधिकाऱ्याने हातमोजे घालून माझा डावा बूट उलटा केला, तळव्यावर दिवा धरला, आणि खाचेतून चिमट्याने एक काडी बाहेर काढली. दीड इंचाची, पिवळी, सुकलेली. आल्तिप्लानोवरचं, म्हणजे बोलिव्हियातल्या त्या उंच पठारावरचं, इचू गवत. भोवती मिठाची पांढरी कड होती. त्याने ती काडी एका पिशवीत घातली आणि मला सांगितलं, इथल्या उत्तरेकडच्या जंगलांत काउरीची झाडं मरताहेत, मातीतल्या एका रोगामुळे, आणि ती माती माणसांच्या बुटांतूनही पसरते. तो हे पाठ केल्यासारखं बोलत नव्हता. त्याला ती झाडं माहीत होती.

बूट आणि तंबू आत नेले. मी बाकावर मोज्यांवर बसून राहिले. वीस मिनिटांनी ओले, स्वच्छ बूट प्लास्टिकच्या पिशवीत परत मिळाले. दंड नाही, फी नाही.

बाहेर पडून ताईला मेसेज केला की पोचले. तिकडे अजून मंगळवारची रात्र होती. तिचं उत्तर आलं: "नांदीचं आता सांग."

पुढच्या आठवड्यात ऑकलंडजवळच्या वाइताकेरेच्या डोंगरात गेले. जंगलात शिरायच्या वाटेवर बूट धुण्याची जागा आहे, ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं. तळवे घासले, मग उलटे करून खाचा एक एक बघितल्या. मागे एक बाप आणि त्याची छोटी मुलगी थांबले होते, त्यांनी घाई केली नाही.