शोरेइकाईची परीक्षा आणि एका पत्रासाठी गेलेले सहा महिने

मुलासाठी शिफारसपत्र मागितल्यावर जपानी शिक्षक तुम्हाला ‘केन्तो शिमास’, म्हणजे ‘विचार करून बघतो’, असं म्हणाले, तर त्याच संध्याकाळी दुसरं दार शोधायला लागा. मी लागले नाही. माझ्या मुलाचे त्यात सहा महिने गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. मुलगा आठ वर्षांचा असताना शाळेनंतरच्या गाकुदोमध्ये, म्हणजे पाळणाघरात, शोगी शिकला, म्हणजे जपानी बुद्धिबळ. ९ बाय ९ घरांचा पट, दोन्ही बाजूंच्या मिळून ४० सोंगट्या, आणि मारलेली सोंगटी आपली म्हणून पुन्हा पटावर ठेवता येते. सांगलीला माझ्या बाबांना व्हिडिओ कॉलवर हे समजावताना त्याला घाम फुटला. बाबांचं सगळं आयुष्य सांगलीच्या बुद्धिबळ स्पर्धांमध्ये गेलेलं. मेलेला मोहरा शत्रूच्या बाजूने उठतो, हे त्यांच्या पचनी पडायला आठवडा लागला. मग मात्र ते रोज विचारायला लागले, ‘आज किती डाव?’

अकराव्या वर्षापर्यंत मुलगा हौशी चार दानला पोचला. दान म्हणजे खेळाडूचा दर्जा, आकडा मोठा तितका वरचा. एका रात्री जेवताना म्हणाला, ‘आई, मला शोरेइकाईत जायचंय.’

शोरेइकाई म्हणजे जपान शोगी असोसिएशनची व्यावसायिक खेळाडू घडवणारी शाळाच म्हणा. आत शिरायचं ते सहाव्या क्यूला. क्यू म्हणजे दानच्या खालचे दर्जे, सहावरून एकाकडे चढत जाणारे. हा सहावा क्यू हौशी चार-पाच दानच्या तोडीचा असतो. तिथून चढत तिसऱ्या दानपर्यंत जायचं, मग तिसऱ्या दानची लीग. सहा महिन्यांची लीग, प्रत्येकी १८ डाव, जवळपास चाळीस मुलं, आणि पहिले दोघे चौथ्या दानला जाऊन व्यावसायिक होतात. वर्षाला साधारण चार. वाढदिवसाचं घड्याळ चालू असतं ते वेगळंच: एकविसाव्या वाढदिवसापर्यंत पहिला दान, सव्विसाव्यापर्यंत चौथा. तिसऱ्या दानला असलेल्यांना थोडी सवलत असते, पण मूळ रेषा हीच. ज्या मुलासमोर असं घड्याळ आहे, त्याचे सहा महिने कुणी फुकट घालवले तर आईला काय वाटतं, हे मला वेगळं सांगायला नको.

प्रवेशपरीक्षा ऑगस्टमध्ये असते. त्या परीक्षेला बसायलाच चौथ्या दानच्या किंवा त्यावरच्या व्यावसायिक खेळाडूची शिफारस लागते. शिफारस करणारा तुमचा शिशो होतो, म्हणजे गुरू. हे नातं कागदापुरतं नसतं. शोगीतले नामवंत खेळाडू फुजिई सोता यांच्याबद्दल कुठेही वाचा, सुगिमोतो मासाताका यांचं नाव शिशो म्हणून येतंच. शिष्याने काही वावगं केलं तर मान गुरूला खाली घालावी लागते.

बाबांना हे अजिबात पटलं नाही. बुद्धिबळात प्रवेश फी भरली की पोरगं खेळायला बसतं. नॉर्म मिळवा, २५०० रेटिंग गाठा, ग्रँडमास्टर व्हा, त्यात कुणाच्या शिफारशीचा प्रश्नच येत नाही. मला मात्र गुरूची कल्पना आवडली होती. गाण्याच्या घरात वाढलेली आहे मी, गंडाबंधन बघितलेलं आहे. त्यामुळे वाटलं, हे आपल्याला जमेल.

मुलगा ज्या शनिवारच्या वर्गाला जायचा, तिथले सेन्सेई, म्हणजे शिक्षक, व्यावसायिक खेळाडू. तीन वर्षं तो त्यांच्यापुढे बसत होता. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आदल्या शनिवारी, मी नीट तयारी करून, वाक्यं पाठ करून गेले. चकली-शंकरपाळ्यांचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि विनंती केली. त्यांनी डबा घेतला, वाकले आणि म्हणाले, ‘केन्तो शिमास.’

मी आनंदात घरी आले. नवऱ्याला म्हटलं, विचार करतो म्हणालेत.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. नववर्षाचं कार्ड आम्ही पाठवलं, त्यांचंही आलं, छापील मजकुराखाली पेनाने ‘यंदाही कसून सराव कर’ असं लिहिलेलं. मला ते शुभचिन्ह वाटलं. दर शनिवारी मी मुलाला सोडायला जायचे आणि दारात जरा रेंगाळायचे. ते हसून वाकायचे. मी वाकायचे. फेब्रुवारीत धीर करून पुन्हा विचारलं तर म्हणाले, ‘मो सुकोशी’, अजून थोडं. मुलगा घरी आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, ‘काही म्हणाले?’ मी रोज नवीन कारण काढायचे. सामने चालू असतील, वर्षअखेर आहे, प्रवासात असतील.

एप्रिलमध्ये सायकल स्टँडवर त्याच वर्गातल्या एका मुलाची आई भेटली. बोलता बोलता म्हणाली, ‘आमचं शिफारसपत्र सेन्सेईंनी मार्चमध्येच दिलं. तुमचं?’

सायकल तिथेच लावली आणि मी वर गेले. मुलं पट आवरत होती. मी सरळ विचारलं, सेन्सेई, देणार की नाही? ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘तुम्ही पुढेमागे भारतात परत जाल ना?’

एवढंच होतं तर! शंका वाजवी होती, हे मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करते. दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी घ्यायची आणि दोन वर्षांत बापाची बदली झाली की शिष्य विमानात बसणार, असं कुणालाही वाटू शकतं. पण आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज त्याआधीच्या उन्हाळ्यातच गेला होता! ऑक्टोबरमध्ये हा एक प्रश्न विचारला असता तर मी पर्समधून पावती काढून दाखवली असती. नकाराचा मला राग नाही. बारा वर्षांच्या मुलाला आशेवर टांगून ठेवण्याचा आहे. नाही म्हणायला एक मिनिट लागतं. अवघडलेपणा मोठ्यांचा, आणि भोगायचं मुलाने.

मी अर्जाचं सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, ‘केन्तो शिमास.’ या वेळी मला अर्थ कळला.

इथेच सांगते, नाहीतर विसरेन: शिफारस मागायला जाताना व्हिसाची स्थिती, मुलाच्या शाळेचं पुढचं नियोजन आणि तुम्ही कुठे राहणार, हे तीन मुद्दे आपणहून, न विचारता सांगा. आणि मुलाच्या नावाचं काताकानातलं, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीतलं, एकच स्पेलिंग ठरवा. आमच्याकडे शाळेत एक, रेसिडेन्स कार्डवर रोमन आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्रांवर तिसरंच होतं.

पुढचं दार मेमध्ये उघडलं. दुसऱ्या वॉर्डातल्या एका दोजोत, म्हणजे शोगीच्या क्लबात, एक ज्येष्ठ व्यावसायिक खेळाडू महिन्यातून एकदा चार पटांवर एकाच वेळी शिकवणीचे डाव खेळायचे. त्यांनी आपला काकु, म्हणजे उंट, काढून ठेवला आणि मुलाशी खेळले. तरीही मुलगा हरला. ‘माकेमाशिता’, म्हणजे ‘मी हरलो’, म्हणून वाकला. मग हरलो म्हणून उठायचं नाही, डावाची उजळणी करायची, ही शोगीची रीत. सेन्सेईंनी सोंगट्या मागे नेल्या, डावाच्या मध्यावर थांबले आणि विचारलं, ‘इथे काय दिसलं तुला?’ मुलाने गिन नावाची सोंगटी उचलून एका घरात टेकवली आणि पुढच्या सहा-सात खेळ्या बोटाने दाखवल्या. सेन्सेई पटाकडे बघत राहिले. मग एकच प्यादं एक घर पुढे सरकवलं. मुलाचा चेहरा उतरला आणि लगेच उजळला. चूक कळली होती.

मी तीन मुद्दे सांगितले. त्यांनी मला एकच विचारलं: ‘सव्विसाव्या वर्षी बाहेर पडावं लागलं तर हा काय करेल?’ मी म्हटलं, हायस्कूल पूर्ण करणारच. फुजिईंनी २०२१ मध्ये हायस्कूल शेवटच्या टप्प्यात सोडलं, हे मुलाला पाठ होतं. त्याने तोंड उघडायच्या आत सेन्सेईच म्हणाले, ‘ते चौदाव्या वर्षी व्यावसायिक झाले होते. तू शाळा सोडायची नाहीस.’ मग मुलाकडून त्याचं नाव तीनदा म्हणवून घेतलं, ओठांनी स्वतः म्हणून बघितलं, आणि महिनाभरात ब्रशपेनने लिहिलेलं पत्र दिलं. खाली लाल ठसा. मुलाने ते दप्तरात नाही घातलं, घरापर्यंत छातीशी धरून आणलं.

फॉर्म, फोटो, फी यात काही अडलं नाही. परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात मुलं आपसात खेळतात: चार विजय म्हणजे पुढे, तीन हार म्हणजे घरी. निभावलात तर दुसऱ्या टप्प्यात शोरेइकाईतल्या मुलांशी तीन डाव, त्यातला एक जिंकायचा. आई-बापांनी बाहेरच थांबायचं. सेन्दागायात तेव्हाच्या शोगी भवनाजवळ हातोमोरी हाचिमान मंदिर आहे, तिथे झाडाची सावली मिळते. पाणी आणि वाचायला काहीतरी न्या, ऑगस्टचा उकाडा माणसाला वितळवतो.

दोन जिंकला, तीन हरला. दुसऱ्या दिवशी बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. इइदाबाशीला गाडी बदलेपर्यंत बोलला नाही. मग तोझाई लाइनमध्ये चुंबकाचा छोटा पट काढून पाचवा डाव मांडायला घेतला. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि सहा महिने आधी एखाद्या गुरूबरोबर बसला असता तर, हेही मनात आलंच.

ज्यांचं वय निघून गेलंय ते विचारतात म्हणून सांगते: दुसरा रस्ता आहे, पण फार अरुंद. व्यावसायिकांविरुद्ध हौशी म्हणून भरपूर जिंकलात तर नव्या चौथ्या दानच्या पाच जणांशी कसोटीचे डाव मिळतात, त्यातले तीन जिंकायचे. २०२३च्या फेब्रुवारीत कोयामा रेओ अशी कसोटी पार करून आत आले, शोरेइकाईत कधीही न जाता. लहान मुलांनी मात्र केन्शुकाई, म्हणजे असोसिएशनचाच सराव-वर्ग, बघावी. महिन्यातून दोन रविवार, दिवसाला चार डाव. ठरावीक वयाच्या आत वरच्या वर्गाला पोचलं तर परीक्षा न देताही शोरेइकाईच्या सहाव्या क्यूत घेतात. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही.

निकालानंतर आम्ही नव्या सेन्सेईंकडे गेलो, माफी मागायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाले, ‘पत्र पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन. तो पाचवा डाव मांड.’